धोफारच्या चाळीस जणांची जमात

काँक्रीटनं भरलेली हातगाडी सुहैलनं फळ्यांच्या मधोमध टेकवली आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला.

फळ्या म्हणजे आमचा रस्ता. मिक्सरपासून जेट्टीच्या टोकापर्यंत एका गाडीपुरत्या फळ्या टाकलेल्या असतात. एका रांगेवरून भरलेल्या गाड्या जातात, दुसऱ्या रांगेवरून रिकाम्या परत येतात. एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. सुहैलच्या मागे अकरा गाड्या अडकल्या होत्या. कुवेतमधल्या शुऐब्याच्या उन्हात काँक्रीट गाडीतच धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागतं. आधी टाकलेलं धरलं आणि मग त्यावर नवं टाकलं, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. मधे जी रेघ राहते तिला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो. वरून काही कळत नाही. समुद्राचं पाणी मात्र तिथूनच आत शिरतं आणि लोखंड खातं. म्हणून स्लॅब एकदा सुरू केला की संपेपर्यंत थांबायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

मी मिक्सरजवळून धावत आलो.

“काय झालं? उचल गाडी!”

“नाही उचलत.”

“का?”

“शिट्टी त्यानं वाजवली.” सुहैलनं हनुवटीनं बखीतकडे दाखवलं.

बखीत त्या दिवशी चार्जहँड होता, म्हणजे गँगचा म्होरक्या. कधी निघायचं, कधी थांबायचं हे त्याच्या शिट्टीवर.

“मग? शिट्टीला काय काटे आलेत?”

“त्याची आई सुलतानाच्या महालात गुलाम आहे. गुलामाच्या शिट्टीवर मी चालत नाही. तू वाजव अबू यूसुफ, लगेच चालतो.”

अबू यूसुफ म्हणजे मी, यूसुफचा बाप. आमचं हे बोलणं मोडक्या अरबीत आणि निम्म्या हिंदीत व्हायचं. इथे मी मराठीत लिहितोय. शिव्या मात्र मी आमच्या गावच्याच घातल्या. त्या कोणाला कळल्या नाहीत आणि सगळ्यांना कळल्या. तरी सुहैल हलला नाही. उलट त्याच्या मागच्या तीन-चार डोंगरी माणसांनीही गाड्या टेकवल्या. बखीत शिट्टी दातांत धरून उभा होता.

मग रांगेतून एक म्हातारा डोंगरी माणूस पुढे आला. त्यानं सुहैलच्या कानाशी त्यांच्या बोलीत एकच वाक्य टाकलं. सुहैलची मान खाली गेली. त्यानं गाडी उचलली. रांग सुरू झाली.

दुपारी मी सालिमला विचारलं, “म्हातारा काय म्हणाला रे?” सालिम या सगळ्यांच्या वतीनं बोलणारा.

“म्हणाला, तुझा बाप सुलतानाच्या कोठडीत होता तेव्हा त्याला भाकरी कोण आणून देत होतं? बखीतची आई.”

आता ही माणसं कोण आणि त्यांना असं एकत्र घालायचा उद्योग कोणाचा, ते सांगतो. उद्योग माझा होता.

मी लेबर सप्लायर. कंपनीला माणसं लागतात, मी पुरवतो, त्यांच्याकडून काम करून घेतो. रत्नागिरीकडच्या खाडीवरचं आमचं गाव. बाप मासे मारायचा. मी जहाजावर खलाशी होऊन कुवेतला आलो आणि पन्नासच्या दशकात फहाहीलला पाण्याचे डबे वाहण्यापासून सुरुवात केली. इंग्रजी बंदरावर शिकलो, घासाघीस मासळीबाजारात. साहेबानं ऐंशी माणसं मागितली तर मी साठ देणार, आणि साठांत ऐंशींचं काम दाखवणार. डेंटनसाहेब, म्हणजे आमचा साइट इंजिनिअर, म्हणायचा, “इस्माईल, तू आपल्या आईबरोबरही भाव करशील.” मी म्हणायचो, “ती माझ्याहून पक्की आहे, साहेब.”

साठचं दशक सुरू झालं आणि शुऐब्याला बंदराचं काम निघालं. तेव्हा धोफारचे चाळीस जण माझ्याकडे आले. धोफार म्हणजे ओमानचा दक्षिणेकडचा मुलूख. पुढे समुद्र, मागे डोंगर. त्यांच्या सुलतानाच्या परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी. हे सगळे होड्यांतून, कागदाशिवाय पळून आलेले. शाळा म्हणाल तर बहुतेकांनी ती बाहेरूनही पाहिलेली नव्हती. दवाखान्याचं नावच नको. एकानं मला सांगितलं, “आमच्याकडे आजारी माणसाला दोनच औषधं. डाग देतात, नाहीतर दुवा करतात.”

चाळीस जण एका मुलखातले, पण एक नव्हते. त्यांच्यात चार जाती होत्या म्हणा ना. डोंगरातले: गुरं राखणारे, ऊद गोळा करणारे, हाडकुळे, मानी. त्यांची बोली वेगळी, बाकीच्यांना ती कळत नसे. किनाऱ्यावरचे: मासेमारी करणारे, बोलके, थोडे लबाड, म्हणजे आमच्यासारखे. तिसरे काळे, ज्यांचे आईबाप गुलाम होते किंवा अजूनही होते. आणि चौथे आखाती शेखांच्या छोट्या पलटणींत नोकरी करून आलेले. त्यांना बूट घालून चालता यायचं, रांगेत उभं राहता यायचं. सालिम त्यातला.

जेवायला चार पराती लागायच्या. मोठ्या परातीत भात आणि मासा, भोवती सगळे गोल. पण एका परातीवर चारही जातींचे हात कधी पडले नाहीत. मी त्यांच्या चार गँग केल्या, ज्याची त्याची वेगळी. या धंद्यात तेच शहाणपण समजतात. जे एकत्र जेवत नाहीत त्यांना एकत्र राबवू नये, भांडणात अर्धा दिवस जातो.

एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सालिम मला म्हणाला, “अबू यूसुफ, आमच्या खोलीवर ये. सल्ला पाहिजे.”

फहाहीलच्या बाजारामागे त्यांची एक लांबट खोली होती. सगळे बसले होते, चार भिंतींना चार टोळकी. सालिम म्हणाला, “आम्ही एक मंडळ काढतोय. गावासाठी. विहीर पाहिजे, शाळा पाहिजे, कोणाचा माणूस परदेशात मेला तर त्याच्या घरच्यांना मदत पाहिजे. पण प्रमुख कोण, यावर तीन शुक्रवार भांडतोय.”

मला हसू आलं. अरे, ही तर जमात! आम्हा कोकण्यांच्या प्रत्येक गावाची कुवेतमध्ये एक जमात असते. कुठे मशिदीची कौलं बदलायची, कुठे मदरशाला बाकं, कुठे कोणाचं मयत. चार कोकणी जमले की पहिला प्रश्न गाव कुठलं, दुसरा प्रश्न जमातीचा प्रमुख कोण. जगात माणसं खोलीत जमतात ती जमात काढायलाच, असं मी धरून चाललो होतो. दुसरं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि जमातीवर सल्ला द्यायला त्यांनी बरोबर माणूस गाठला होता, कारण माझं रक्त त्यावरून उकळतच होतं.

आमच्या गावात दोन मोहल्ले. वरचा, त्यात घराणी. खालचा, खाडीला लागून, त्यात आम्ही दालदी, मासे मारणारे. कुवेतमध्ये वरच्या मोहल्ल्याची निम्मी पोरं मी कामाला लावली. तिथल्याच खैतान वस्तीत जमातीची कमिटी निवडायची बैठक झाली, तेव्हा मी नाव दिलं. वरच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, ज्यांच्या मुलाला मीच नोकरी दिली होती, गोड आवाजात म्हणाले, “इस्माईलभाय, तुम्ही कामाचे माणूस. मशिदीच्या दरवाज्याला रंग द्यायचाय, तो तुम्हीच द्या. कमिटीत बसायचं काम आमच्यासारख्या रिकाम्यांचं.” सगळे हसले. मी चहाचा ट्रे उलटा केला आणि बाहेर पडलो. परत त्या जमातीत पाय ठेवला नाही.

ते सगळं मी त्या धोफारी खोलीत ओकलो.

“चार टोळक्यांचे चार प्रमुख कराल तर वर्षात फुटाल,” मी म्हणालो. “गट पाडायचेत ना? पाडा. पण प्रत्येक गटात डोंगरातले, किनाऱ्याचे, काळे, पलटणीतले, सगळे आले पाहिजेत. ज्याला जे काम येतं, त्या कामात तो म्होरक्या. आणि कोणी ‘माझा आजा’ म्हणून तोंड उघडलं की त्याला दाराबाहेर उभं करा.”

काळ्या टोळक्यात बसलेला बखीत त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होता.

डोंगरातल्या एकानं विचारलं, “आणि ते जमणार कसं? सवय कुठे आहे?”

“एकत्र काम करा, एका परातीत जेवा. होते सवय.”

सालिम सावकाश म्हणाला, “काम तर तुझ्याकडेच करतो. मग उद्यापासून तूच मिसळ ना आमच्या गँग.”

मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना बोलण्यात पकडलं, तो तिथे सापडलो. पण मी फुकट काही देत नाही. भाव केला. पाच गँग, प्रत्येकी आठ जण, सगळे मिसळलेले. गुरुवारपर्यंत बघायचं. काम एक गाडीनंही कमी होता कामा नये. जेवण एकाच परातीत. आणि फळ्यांवर एकदा जरी गाडी भांडणामुळे थांबली तर जुन्या गँग परत.

मंगळवारी सुहैलनं गाडी थांबवली. ठरल्याप्रमाणे मी जुन्या गँग परत आणायला हव्या होत्या. सालिमनंही संध्याकाळी येऊन तेच सांगितलं, “शर्त मोडली. तुझा हक्क आहे.”

मी म्हणालो, “बखीतला उद्याही शिट्टी दे.”

त्यात माझी काही थोरवी नव्हती. दातांत शिट्टी धरून गप्प उभा असलेला तो माणूस बघून मला खैतानचा तो चहा आठवला होता, एवढंच.

पंधरा दिवसांनी मोठा स्लॅब होता. पहाटेच्या फजरपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत, न थांबता. डेंटनसाहेब टोपी घालून काठावर उभा. मी बावीस वर्षं काँक्रीट पाहिलं, असं काम पुन्हा पाहिलं नाही. कोणी थकला की त्यानं हात वर करायच्या आधी दुसरा त्याच्या गाडीला लागलेला असायचा. मिक्सरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पलटणीतल्यांनी हाताच्या खुणा बसवल्या होत्या. थांब, वाक, पसर, पुढे. पाणी वाटायचं काम डोंगरातल्यांकडे. थेंब न सांडता आठ जणांत एक मशक कशी पुरवायची ते त्यांना येत होतं. सुहैल बखीतच्या शिट्टीवर दिवसभर पळाला. एकही कोल्ड जॉइंट नाही.

“इस्माईल,” डेंटनसाहेब म्हणाला, “पुढच्या बर्थचं लेबर तुझंच. सगळं. दुसऱ्या कोणाला विचारणार नाही.”

बर्थ म्हणजे जहाज लागायची जागा. तीन वर्षांचं काम. मी घरी कळवून टाकलं की आता वरच्या मोहल्ल्याच्याही वर घर बांधायचं.

मधल्या काळात मला बरंच काही दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ माझ्या मापानं लावत होतो. जेवणाच्या सुट्टीत सालिम सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर कोळशानं अक्षरं काढून शिकवायचा. मी म्हटलं, वा, जमातीनं शाळा इथेच सुरू केली. खोलीत कोणाच्या तरी भाषणांचा रेडिओ लागायचा. मी म्हटलं, तरुण माणसं आहेत. आठ-आठ जण सुट्टीच्या दिवशीही एकत्र वाळवंटात लांब चालत जायचे. मी म्हटलं, हवा खायला जात असतील. शुऐब्याची हवा कोण खातं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मग एक दिवस तीन नंबरची गँग आलीच नाही. आठही जण.

“गावाला गेले,” बखीत म्हणाला. “आई आजारी आहे.”

“आठ जणांची? एकदम?”

“एकाच आईची आठ पोरं आहेत ती, अबू यूसुफ.” आणि तो असा हसला की मलाही हसावं लागलं. आत मात्र हिशोब सुरू झाला. बर्थचं काम पंधरवड्यात सुरू व्हायचं होतं. मी साहेबाला शब्द दिला होता, याच माणसांच्या जोरावर.

मी सालिमला गोदामामागे गाठलं. जे तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला कोणी उभं केलं नसतं, मी केलं. कागद नव्हते, मी काम दिलं. आणि आता मला बुडवता?

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “बुडवत नाही. पहिल्या जेट्टीचं जे उरलंय ते पूर्ण करून देतो. त्यानंतर विचारू नकोस.”

“कुठे जाताय?”

“घरी.”

“सुलतान पकडेल.”

“म्हणूनच आठ-आठ जण जातोय.”

तेव्हा मला समजलं, ही माणसं सुलतानाशी लढायला निघाली होती. एवढ्या उशिरा. पहिली गोष्ट तोंडातून निघाली ती ही: “मग मला सांगायचं नाही? मी जमात समजून सल्ला दिला!”

“सांगितलं असतं तर सोडलं असतंस आम्हाला? पुढचा बर्थ होता ना तुझा.”

या वाक्याचा राग मला आजही आहे. मग तो म्हणाला, “जमातच आहे अबू यूसुफ. विहीर आणि शाळाच मागत होतो. अर्ज करणारे कोठडीत गेले. सुहैलचा बाप त्यातलाच.”

त्यांनी शब्द पाळला. उरलेले बत्तीस जण चाळिसांचं काम करून गेले. शेवटच्या दिवशी फळ्या धुऊन, रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी साइटवर मी एकटा.

काही महिन्यांनी बाजारात बोललं जाऊ लागलं की धोफारच्या डोंगरात सुलतानाच्या गाड्यांवर गोळीबार होतोय. त्यानंतर मला ऑफिसात बोलावणं आलं. डेंटनसाहेबाच्या शेजारी एक नवा साहेब बसला होता. त्याचं नाव कोणी सांगितलं नाही. समोर फाइल होती.

“या लोकांच्या गँग कोणी मिसळल्या?”

“मी.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्या डोक्यानं.”

तो डेंटनसाहेबाकडे वळला. “आमच्याकडे लिहिलेलं आहे की डोंगरातला माणूस किनाऱ्याच्या माणसाबरोबर पाणी पीत नाही, आणि दोघंही गुलामाच्या पोराला जवळ बसू देत नाहीत. म्हणून तिथे बंड होणार नाही. आणि हा म्हणतो, याच्या डोक्यानं!”

“माझ्याकडे ते एका परातीत जेवायचे,” मी म्हणालो. “तुमच्या फाइलमध्ये परात नसेल.”

डेंटनसाहेबानं मला डोळ्यांनी गप्प केलं. मग तो शांतपणे म्हणाला, “इस्माईल, प्रत्येकाचं नाव आणि गाव. एवढंच. पुढचा बर्थ तयार आहे. कॉन्ट्रॅक्ट या ड्रॉवरमध्ये आहे.”

मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, फक्त सालिम एक, सालिम दोन असं होतं. पण गावं मला पाठ होती. कोकणी माणसानं दुसऱ्याला गाव विचारलं नाही असं होतं का? कोणाचं घर कोणत्या ओढ्यापाशी, कोणाचा चुलता कुठे, बखीतची आई अजून महालातच. सगळं माहीत. आणि नावागावाची यादी तिकडे पोचली तर डोंगरात गेलेल्यांना काही होणार नव्हतं. धरले गेले असते ते घरी राहिलेले.

“साहेब, मला नंबर माहीत आहेत. गाव नाही माहीत.”

“तुझी बादली उचलणाऱ्या प्रत्येकाचं गाव तुला माहीत असतं. मी स्वतः ऐकलंय.”

“माझ्या गावचं विचारा. वरचा मोहल्ला पाहिजे की खालचा?”

“विचार कर. तीन वर्षांचं काम आहे.”

मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं भाव सांगितल्यावर उलट भाव सांगितला नाही. डेंटनसाहेबानं ड्रॉवर बंद केला. तो चांगला माणूस होता, पण ड्रॉवर त्यानंच बंद केला, हे मी विसरलेलो नाही. महिन्याभरात कंपनीच्या मंजूर सप्लायरांच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण लिहिलं होतं: माणसं टिकवता येत नाहीत.

ज्या जेट्टीत एक कोल्ड जॉइंट नाही, तिच्यासाठी हे कारण! मी तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही.

त्या चाळिसांपैकी कोण राहिलं, कोण गेलं, मला नीट कळलं नाही. दोन-तीन वर्षांनी फहाहीलच्या बाजारात त्या बाजूचा एक खलाशी भेटला. मी सालिमबद्दल विचारलं. तो म्हणाला, सालिम नावाचे तिथे शंभर आहेत. बखीतचं विचारलं, तर त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि विषय बदलला. मी पुढे विचारलं नाही. पण आठ-आठ जणांच्या टोळ्यांत सगळ्या जातींचे लोक असतात, एवढं तो आपण होऊन बोलला, आणि हे त्याला भलतंच नवल वाटत होतं.

मी खैतानला प्लास्टरची छोटी कामं धरली. दहा माणसं, दोन मचाणं. वरच्या मोहल्ल्याच्या वरचं घर बांधायचं राहिलं. नव्या माणसाला कामावर घेताना मी अजून भाव करतो, अजून ओरडतो. गाव विचारायचं मात्र सोडून दिलं. परत कधी जायचं ठरवलंयस, एवढं आधी विचारून घेतो. लेबर सप्लायरला तेवढं पुरतं.